पांढरी चारची शीळ

आमच्या कांजूरमार्गच्या घरात पूर्ण शांतता अशी दिवसातून एकदाच व्हायची, पहाटे, नळाला पाणी यायच्या आधी. एकदा पाणी आलं की खालचा पंप, वरची टाकी, प्रत्येक घरातल्या बादल्या आणि सगळ्यांच्या आया एकदम सुरू व्हायच्या. त्या शांततेत एका पहाटे मला जाग आली, ती स्वयंपाकघरात कुणीतरी उभं आहे असं वाटून. बघते तर बाबा. लेंगा, बनियन, आणि फ्रिजला कान लावलेला. मला बघून दचकले नाहीत. उलट हातानेच बोलावलं.

"वैशू, हयसर ये. आयक. तुका येता काय?"

"काय, बाबा?"

"शीळ. बारीक. थांबतच नाय गो ती."

मी फ्रिजला कान लावला. गुरगुर होती, शीळ नव्हती. तसं सांगितल्यावर त्यांनी फ्रिजचा प्लग काढला आणि तसेच उभे राहिले. मग मान हलवून प्लग परत लावला, बाहेरच्या खोलीत गेले, टीव्हीला कान लावला, मीटरच्या खोक्याला लावला, शेवटी भिंतीला लावला. तेवढ्यात पाणी आलं आणि आई उठली. "सकाळी सकाळी भिंतीक काय विचारतास?" म्हणाली. बाबा बादली लावायला गेले.

त्या महिन्यात आमच्या घरात कुणी धड बसलं नाही. बाबांना एका जागी बसवेना, ते येरझाऱ्या घालत म्हणून आईला सुचेना, आणि मला तर जन्मापासूनच पायाला भिंगरी. कॉलेजातून येऊन मी दप्तर टाकायची आणि बाबा विचारायचे, "आता येता काय आवाज?" मी नाही म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा. मला राग यायचा, त्यांचा नाही, त्या आवाजाचा. असेल तर मला ऐकू का येत नाही, आणि नसेल तर ह्या माणसाला का छळतोय?

बाबांची दोन नावं होती. सोमवार ते शनिवार ते पंप बनवणाऱ्या कंपनीच्या कॉम्प्रेसरच्या खोलीतले मिठबावकर होते. आजोबा गिरणीत होते, गिरण्या गेल्या आणि बाबांनी उपनगरातली ही नोकरी धरली. त्या खोलीत दोन माणसांना एकमेकांशी बोलायचं तर खुणेने बोलावं लागे. रविवारी मात्र ते दिगूबुवा असत. आमच्या मालवणी लोकांत बुवा म्हणजे भजनी मंडळाचा गाणारा, जो स्वतःच पेटी वाजवतो आणि स्वतःच गातो. दोन बुवा समोरासमोर बसतात, आळीपाळीने गातात, गाता गाता एकमेकांना चिमटे काढतात, आणि त्यावर मैदानभर माणसं माना डोलावतात आणि शिट्ट्या मारतात. ह्याला डबलबारी म्हणतात. कोण जिंकलं ते कुणी जाहीर करत नाही, पण दुसऱ्या दिवशी दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना माहीत असतं.

आणि बुवाची असते पट्टी. कुठल्या सुराला तो आपला सा मानतो, ती त्याची पट्टी. पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या मोजून तिचं नाव सांगतात: काळी एक, पांढरी दोन, असं. बाबांची काळी चार. पुरुषाच्या गळ्याला ती उंच. तारुण्यात पन्नास जण तिथे चढतात, पण वय झालं की एकेक जण खाली उतरतो, आणि उतरला की समोरचा बुवा त्याच्यावर चार ओळी रचल्याशिवाय राहत नाही. बाबा काळी चारला मिशीसारखे जपत.

माघी गणपतीला आमच्या मैदानात बारी ठरली होती, तोंडवळकरबुवांबरोबर. बॅनर लागले होते. आणि बाबांच्या कानात शीळ. डॉक्टरकडे जाऊ म्हटलं की ते उसळायचे. "बुवाचो गळो बसलो तर लोक आला-मध धाडतत. कान गेलो म्हटला तर दुसरो बुवा बघतत." म्हणून आवाज बाहेरच असायला हवा होता. तो बाहेर असेल तर बंद करता येईल. कानात असेल तर दिगूबुवा संपले. सरळ हिशेब होता, आणि तो घरात तिघांनाही पाठ होता.

आईने आपल्या परीने उपाय केला. तिचं म्हणणं, गावच्या राखणदार देवाला दर वर्षी द्यायचा मान, त्याची राखण, ह्या वेळी राहिली, त्याची ही आठवण. तिने खिडकीत, गावाकडे तोंड होईल अशा बेताने नारळ ठेवला. खिडकीतून दिसायची ती खालच्या मजल्यावरच्या शाहकाकांच्या गॅलरीतली वाळत घातलेली चादर. आईने हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, चुकला माकला ह्या तुझ्या लेकराचा, तर पोटात घाल. ह्येंच्या कानात जो काय आवाज लागलो हा, तो जयसून इलो थयसर धाड रे म्हाराजा!" आणि आम्ही बापलेक मागून ओरडलो, "व्हय म्हाराजा!" खालून शाहकाकांनी विचारलं, "काय झालं, दिगूभाई? कोण पडलं?"

मी इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला होते. कॉलेजात आवाजाची फोड करून दाखवणारा खरा स्पेक्ट्रम अॅनालायझर होता, पण तो कपाटात, कपाटाची किल्ली सरांकडे, आणि सर सदा मीटिंगमध्ये. आम्ही तो परीक्षेच्या दिवशी लांबून पाहायचो, देवळातल्या मूर्तीसारखा. मी वर्गातल्या केतनजवळ कुरकुर केली. केतन मुलुंडचा, सारखा च्युइंगम चघळणारा, आणि जगातली कुठलीही गोष्ट फुकट कुठे मिळते ते ठाऊक असणारा.

"अगं त्या डब्याची गरजच काय? सॉफ्टवेअर घे ना. फुकट आहे. लॅपटॉपला माईक लाव, झालं तुझं मशीन. आवाजच शोधायचाय ना? झकास चालेल."

त्याने ते माझ्या जुन्या लॅपटॉपवर चढवून दिलं. ज्यांनी हे कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते: पडद्यावर डावीकडे जाडे आवाज, उजवीकडे बारीक, आणि जो आवाज मोठा त्याचा सुळका उंच. कानाला जी एकच खिचडी ऐकू येते तिच्यातला डाळ-तांदूळ पडदा वेगळा करून दाखवतो. तळाशी कायम थोडी खरखर हलत असते, तिच्यावर सुळके उभे. पुढे माझं सगळं आयुष्य असले सुळके बघण्यात गेलं, मोठ्या प्रयोगशाळांत, बंद खोल्यांत, माझ्या घराहून महाग यंत्रांवर. पण त्या संध्याकाळी आमच्या बाहेरच्या खोलीत पडदा पहिल्यांदा जिवंत झाला तेव्हा माझ्या अंगावर जो काटा आला तो पुन्हा कधी आला नाही. घर बोलत होतं. पंख्याची घरघर डावीकडे, ट्यूबलाइटच्या चोकचं गुणगुणणं तिच्या शेजारी, आणि टीव्ही लावला रे लावला की पार उजवीकडे एक सुईसारखा सुळका टपकन उभा.

"हाच!" मी ओरडले. "बाबा, टीव्हीची शीळ आहे ही. ऐकू येते ना?"

बाबांनी टीव्ही बंद केला. सुई पडली. ते थोडा वेळ मान तिरकी करून उभे राहिले. "नाय गो. माझी चालूच हा."

मग आमचं वेडच सुरू झालं. मी लॅपटॉप कडेवर घेऊन घरभर फिरायची, बाबा मागून माईक धरून. चार्जर, मिक्सर, आजूबाजूच्या घरांतले सेट-टॉप बॉक्स, पॅसेजमधला चोक, गच्चीवरची पंपाची खोली. प्रत्येक ठिकाणी काही ना काही सुळका सापडायचा, आम्ही ती वस्तू बंद करायचो, सुळका पडायचा, आणि बाबा मान हलवायचे. आई भाकऱ्या थापता थापता म्हणायची, "पोरगी इंजिनेर होता की उंदीर पकडता?" सोड्याची चटणी वाढलेली ताटं निवून जायची. वाऱ्याने दिशा बदलली की डम्पिंग ग्राउंडच्या कचऱ्याचा वास यायचा, खिडक्या लावाव्या लागायच्या, आणि बंद खिडक्यांत बाबांची शीळ म्हणे आणखी मोठी व्हायची. ते पुन्हा खिडकी उघडायचे. वास बरा, म्हणायचे.

एकदा मंडळाची तालीम आमच्याकडे होती. पखवाजावर पांडुकाका, बाबांचे शाळेपासूनचे सोबती. त्यांनी पखवाजाच्या डाव्या तोंडाला भिजवलेली कणीक थापली आणि तालीम सुरू झाली. लॅपटॉप कोपऱ्यात चालूच राहिला होता. बाबांनी पेटीवर काळी चार धरली आणि सा लावला. मी सहज पडद्याकडे पाहिलं. पेटीचा सुळका आणि त्याला चिकटून डावीकडे दुसरा, बाबांच्या गळ्याचा. दोन्ही एकावर एक बसायला हवेत. डावीकडे म्हणजे उतरलेला. मी वाट पाहिली, पुढच्या आवर्तनात बसेल म्हणून. बसला नाही. बाबांनाही कळत असावं, कारण ते सारखे पेटीचा भाता जोरात मारत होते. पांडुकाका खाली बघून वाजवत होते. उसळ-पाव खाताना एरवी गप्पांना ऊत यायचा, त्या दिवशी काळ्या वाटाण्याची उसळ लोकांनी औषधासारखी खाल्ली आणि घरी गेले.

मी पडद्यावर काय पाहिलं ते कुणाला सांगितलं नाही. पण त्यानंतर मला वर्गात बसवेना, घरी बसवेना. आवाज बाहेर सापडलाच पाहिजे, बस्स.

बाबांचा संशय आता शाहकाकांच्या नव्या इन्व्हर्टरवर होता. शाहकाका भला माणूस. त्यांनी तो बंद करून दाखवला, वर चहा पाजला. शीळ चालूच. मग बाबा म्हणाले एकेक वस्तू बंद करून भागायचं नाही, सगळ्या विंगचा मेन स्विच पाडायला हवा. सोसायटीचे सेक्रेटरी परबकाका म्हणाले, "अरे दिगू, रविवारी मॅच हा. लोक माका गच्चीवरसून ढकलतील." पण बाबा गेले दोन आठवडे ज्या डोळ्यांनी फिरत होते ते परबकाकांनीही पाहिले होते. ते तयार झाले, पण पाच मिनिटांच्या वर एक क्षण नाही, असं बजावून.

रविवारी दुपारी पॅसेजमध्ये अर्धी विंग जमली. लॅपटॉप बॅटरीवर, माईक तारेने लावलेला, शेजारी केतन; मी त्याला मुद्दाम मुलुंडहून बोलावलं होतं. परबकाकांनी मेन पाडला.

भर दुपारी असली शांतता मी कांजूरमध्ये कधी ऐकली नव्हती. पंखे मंदावत मंदावत थांबले, टीव्ही गप्प, कुणाचा तरी मिक्सर घशात घास अडकावा तसा थांबला. पडद्यावरचे सुळके एकेक करून खाली बसले. सगळे नाही. आठ हजार हर्ट्झच्या आसपास, एरवी गर्दीत न दिसलेला एक बारीक सुळका उभाच होता, हलत नव्हता, डुलत नव्हता.

"सापडला!" मी किंचाळले. "बाबा, हा बघा! सगळं बंद आहे तरी हा आहे! बाहेरचा आहे!"

बाबांचा चेहरा मला आजही दिसतो. महिनाभराचं ओझं उतरलं. ते लोकांकडे वळून हसले. "सांगी होतंय ना मी! आता तरी पटला?" लगेच सगळे बोलायला लागले. कुणी म्हणे समोरच्या इमारतीवरचा मोबाईलचा टॉवर, कुणी म्हणे केबलवाल्याचा बूस्टर. शाहकाका आनंदाने बाबांच्या पाठीवर थापा मारत होते, कारण त्यांचा इन्व्हर्टर सुटला होता.

ह्या गडबडीत केतनने हळूच हात पुढे केला आणि माईकची पिन लॅपटॉपमधून उपसून काढली. आता लॅपटॉपला कानच नव्हता. तळाची खरखर बसली. तो सुळका मात्र होता तिथेच उभा.

"वैशाली," केतन पुटपुटला, "लॅपटॉपचाच आहे यार. आतला. साउंडकार्डमध्ये येतो असा."

मी पिन पुन्हा घातली, पुन्हा काढली. सुळक्याला काही फरक नाही. मला वाटतं, तो क्षण कुणाच्या लक्षातही आला नसता, मी गप्प राहिले असते तर. पण बाबा आमच्याकडे बघत होते.

"काय झाला गो?"

"बाबा, हा आवाज बाहेरचा नाही. ह्या लॅपटॉपचा स्वतःचाच आहे. बाहेर... बाहेर काहीच नाही."

बाबा पडद्याजवळ आले, वाकले, त्या सुळक्याकडे बघत राहिले.

"म्हणजे बाहेर कायच नाय. ह्या मशीनच्याच कानात वाजता."

"हो."

त्यांनी मान हलवली आणि ताठ झाले. "परबानू, मेन चालू करा. लोकांची मॅच जायत." आणि चपला घालून जिना उतरून गेले. मी मागे धावणार होते, आईने दंड धरला. पंखे सुरू झाले, वरच्या मजल्यावर कुणाचा तरी टीव्ही ओरडला, चौकार होता बहुतेक. मला त्या सगळ्या आवाजांचा संताप आला. मी घरात जाऊन लॅपटॉप गादीवर फेकला आणि रडले, जोरजोरात, लहान मुलीसारखी.

बाबा दिवेलागणीला परत आले. हातपाय धुतले, देवापुढे बसले, आणि आम्हां दोघींना ऐकू जाईल एवढंच म्हणाले, "मगे माझापण तसोच. आतलोच हा." दुसऱ्या दिवशी त्यांनी पांडुकाकांना फोन करून सांगितलं की माघी गणपतीला दुसरा बुवा बघा. पेटीवर आईने टॉवेल टाकला. बाबा आता कुठेच कान लावत नव्हते, आणि ते मला कान लावण्याहून वाईट वाटत होतं. खुर्चीत बसायचे, उठायचे, गॅलरीत जायचे, परत यायचे. डॉक्टरकडेही गेले, गुपचूप. ते मला नंतर त्यांच्या खिशातल्या गोळ्यांवरून कळलं. विचारल्यावर त्यांनी सांगितलं, डॉक्टर म्हणाले, यंत्रांच्या आवाजाने झालं, जाणार नाही, सवय करा.

सवय करा! हे वाक्य मला इतकं झोंबलं की मी दोन दिवस तेच चावत होते. कशाची सवय करायची? जे मोजलेलं नाही त्याची? आम्हाला वर्गात शिकवलं होतं की कुठल्याही यंत्राने मोजमाप करण्याआधी त्याचा स्वतःचा आवाज मोजायचा. प्रत्येक यंत्राला तो असतो, आणि तो असणं हा बिघाड नव्हे. तो माहीत नसेल तर मात्र सगळी मोजमापं चुकतात. मी हे परीक्षेत तीन वेळा लिहिलं होतं आणि मला ते त्या आठवड्यात पहिल्यांदा कळलं. बाबांचा सुळका माईकला सापडणार नव्हता. पण बाबांना सापडला असता.

शनिवारी संध्याकाळी मी हेडफोन घेऊन त्यांच्यापुढे बसले. त्याच सॉफ्टवेअरमध्ये सूर काढायचीही सोय होती. आकडा द्या, तो सूर वाजतो.

"बाबा, मी आवाज सोडते. तुमच्या शिळेसारखा झाला की सांगा."

"कशाक? गावला काय, तो जातलो थोडो?"

"जाणार नाही. पण आहे कोण तो तरी कळेल."

ते वैतागले, पण कानाला लावला हेडफोन. मी वरून सुरुवात केली. "बारीक." खाली आले. "अजून बारीकच." आणखी खाली. "आता जाडो झालो." पुन्हा वर, थोडं थोडं. बाबांच्या भुवया ताणल्या. ते आता आजारी माणसासारखे दिसत नव्हते, तंबोरा लावणाऱ्या माणसासारखे दिसत होते. "थोडो उतार... मुंगीएवढो चढव... हय! हयच!" त्यांनी माझं मनगट घट्ट पकडलं. "होच तो मेलो!"

आकडा साडेपाच हजारांच्या थोडा वर होता. मी तो निम्मा केला. सूर एक सप्तक खाली आला. पुन्हा निम्मा. पुन्हा. कानातली शीळ अशी पाच पायऱ्या उतरत माणसाच्या गळ्याएवढी झाली. बाबांनी हेडफोन काढला, उठले, पेटीवरचा टॉवेल ओढला. भाता मारला आणि एक बोट ठेवलं, काढलं, शेजारी ठेवलं.

"पांढरी चार," ते म्हणाले.

मग बराच वेळ ते तीच एक पट्टी वाजवत राहिले. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, हाताला पीठ. बाबा आपल्याशीच बोलावं तसं म्हणाले, "अरे, म्हणान. काळी चारात मी सा लावतंय, आणि ही पांढरी चार माझ्या कानात धैवत बोंबलता. एका बाजूक पेटी, एका बाजूक ही. कसो लागतलो सूर? महिनाभर मी माझ्याच कानावांगडा बारी खेळतंय."

"मग पांढरी चारात गा," मी म्हटलं. मला ते इतकं साधं वाटलं.

आईने मला डोळ्यांनी दटावलं. तिला कळलं होतं मी काय बोलले ते. काळी चार सोडायची, तीन पट्ट्या खाली यायचं, आणि तेही तोंडवळकरबुवांसमोर, सगळ्या मैदानासमोर. बाबांनी पेटीचा भाता बंद केला आणि ते जेवायला बसले. पण जेवताना बोटं ताटाच्या काठावर चालत होती, ती मी पाहिली.

रात्री बाबा पांडुकाकांकडे जाऊन आले, आणि दुसऱ्या दिवशी पांडुकाका आले ते खांद्याला दुसरा पखवाज अडकवून, मोठ्या तोंडाचा, जुना. "ह्यो खाली उतरता बरो," एवढंच म्हणाले. दुसरा बुवा त्यांनी बघितलाच नव्हता. फोन ठेवल्यावर विसरलो, म्हणाले.

माघी गणपतीच्या दुपारी मैदान भरलं. बायकांची रांग डावीकडे, मी आईजवळ बसले होते आणि माझे पाय सतरंजीवर ठरत नव्हते. बातमी फुटलीच होती. मोठा पखवाज बघून कुणालाही कळतं. तोंडवळकरबुवांनी आपली बारी गाजवली आणि जाता जाता बाबांकडे हात केला. "घाट चढून चढून बुवांका दम लागलो हा वाटता. आता उतरणीक लागले. सांभाळान उतरा, बुवा, गुडघे दुखतीत!" मैदानभर हशा. शिट्ट्या. आईने पदर तोंडाला लावला.

बाबांनी माईक पुढे घेतला. "खरा हा, बुवा," ते म्हणाले. "पण चढणीवर माणूस धापा टाकता. गाणा सुचता ता उतरणीवर." लोकांनी टाळ्या दिल्या, ह्या वेळी बाबांना. पण चिमटा परतवणं वेगळं आणि सा लावणं वेगळं. मला तो डावीकडचा सुळका डोळ्यांपुढे दिसत होता.

बुवा नेहमी काय करतो? भाता मारतो, पट्टी धरतो, पेटीचा सूर कानात घेतो आणि त्यावर गळा ठेवतो. बाबांनी पेटीवरून दोन्ही हात उचलले आणि मांडीवर ठेवले. डोळे मिटले. मान थोडी तिरकी केली, फ्रिजजवळ उभे असायचे तशी. पांडुकाकांचा हात पखवाजावर थांबला. मैदानात कुणीतरी खोकलं. आणि बाबांनी सा लावला, भरलेला, सरळ, कुठलाही आधार न घेता. तो तसाच धरून त्यांनी उजवा हात पुढे केला, डाव्याने भाता ओढला, आणि पांढरी चारवर बोट ठेवलं.

पेटी त्यांच्या गळ्यात अशी जाऊन बसली की ती वाजतेय हेच कळेना. लॅपटॉप घरी होता. मला त्याची गरज नव्हती. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसत नव्हते. पखवाजावर थाप पडली, टाळ उठले, समोर तोंडवळकरबुवांनी नकळत मान डोलावली.

आई माझ्याकडे झुकली. इतकी वर्षं बाबांचं गाणं ऐकलेली बाई, तिला कोड्यात पडल्यासारखं झालं होतं.

"अगो वैशू," ती कानात म्हणाली, "पेटी वाजायच्या आदीच ह्येंका सूर कसो गावलो?"

"पेटी वाजली होती, आई," मी म्हटलं. "आपल्याला ऐकू आली नाही."